भोंग्यापासून मासळीपर्यंत

मिस्नादीने त्या दिवशी भोंगा वाजवला तो एका आरशाच्या कपाटासाठी. हे त्याचं त्याला कळलं, तोवर तीनशे बायका घरातून निघाल्या होत्या.

तशी चूक कुणाच्याही हातून झाली असती, असं तो पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होता. निळ्या फाटकाच्या, मासळी डब्यात भरणाऱ्या कारखान्यात पाण्याच्या टाकीवर पत्र्याची एक टपरी आहे. तिच्यात बसून बंदराच्या तोंडाकडे बघत राहायचं, आणि कारखान्याला मासळी देणारी बोट भरून येताना दिसली की भोंग्याची कळ दाबायची, एवढंच त्याचं काम. बोट भरलेली आहे की रिकामी हे ओळखायच्या खुणा दोनच. बोट पाण्यात किती बसली आहे ते बघायचं, आणि डेकवर काही चकाकतंय का ते बघायचं. तारलीचा ढीग सकाळच्या उन्हात असा चमकतो की दुर्बिणीची गरज पडत नाही.

त्या सकाळी ‘दोन बहिणी’ ही बोट येताना दिसली ती पार गळ्यापर्यंत बुडालेली. डेकवर असा लखलखाट की मिस्नादीला डोळ्यांवर हात धरावा लागला. वर ढोलकी वाजत होती आणि माणसं नाचत होती. गेला आठवडाभर समुद्राने कुणाला शेपूट दाखवलं नव्हतं. इतक्या दिवसांनी एवढं घबाड मिळाल्यावर माणसं नाचणार नाहीत तर काय करतील, असा साधा विचार मिस्नादीने केला आणि कळ दाबली.

बोटीत मासळी नव्हती. बोटमालकाच्या पुतण्याचं लग्न होतं. मुंचार या आमच्या बंदरगावातली, मूळची मदुरा बेटाकडची माणसं नवरदेवाला हात हलवत सासरी पाठवत नाहीत. पलंग, गादी, उशा, तांदळाची पोती आणि मोठ्ठं आरशाचं कपाट, सगळा संसार नवरा घेऊन जातो. खाडीपलीकडून रस्त्याने आणलं असतं तर खड्ड्यांत आरसा टिकला नसता. म्हणून कपाट बोटीने आणलं, आणि नवरदेवाला स्वतःचा फेटा नीट बघता यावा म्हणून ते डेकवर उभं केलं होतं.

आता, आमच्या मुंचारात भोंगा वाजणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. इथे कारखाने पुष्कळ, आणि प्रत्येकाचा भोंगा वेगळा. एकाचा भोंगा कुत्र्यासारखा विव्हळतो, एकाचा रेड्यासारखा हंबरतो. निळ्या फाटकाचा भोंगा घोगरा सुरू होतो, वर चढत जातो आणि शेवटी शिंक येता येता राहावी तसा अडकतो. गावातल्या बायकांना आपापला भोंगा झोपेत कळतो. तान्हं पोरसुद्धा दुसऱ्या भोंग्याला हलत नाही, पण आईच्या कारखान्याचा वाजला की आपण होऊन दूध सोडतं, असं म्हणतात. अतिशयोक्ती असेल. पण थोडीच.

तर बायका आल्या. वार्सिनी आली तेव्हा तिच्या अर्ध्या डोक्याला काळा रंग लावलेला होता आणि अर्धं डोकं खऱ्या वयाचं होतं. कुणी चुलीवरचा भात तसाच टाकून आली, कुणी पिळलेले कपडे खांद्यावर घेऊनच आली. मिस्नादीची बायको नार्सी याच कारखान्यात कामाला, ती एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून आली. सगळ्यात शेवटी आली बू पोनिरा; इथे थोरल्या बाईला मानाने ‘बू’ म्हणतात, तसं पुरुषाला ‘पाक’. ती कधी पळायची नाही. पण फाटक लागायच्या आत तिचं एक पाऊल आत असायचं, आणि मग मिस्नादीला फाटक थांबवावं लागायचं. शेडच्या बाहेर लांबच लांब सिमेंटचे बाक आहेत. नळाजवळच्या बाकाच्या टोकाला ती बसली, फडक्याचं गाठोडं मांडीवर ठेवलं आणि झोपली.

फाटक लावून मिस्नादी पुन्हा टपरीत चढला आणि त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर धक्क्यावर चार माणसं डोक्यावर पलंग घेऊन उतरत होती. त्यांच्या मागून कपाट निघालं.

तो शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला आणि मॅनेजर पाक गुनादीच्या केबिनमध्ये गेला. गुनादी वाईट माणूस नव्हता. पोटातल्या ॲसिडने गांजलेला होता. टेबलावर मालकाचा फोटो आणि पित्ताच्या गोळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असायच्या, आणि फोटोकडे बघितलं की त्याचा हात गोळीकडे जायचा.

“पाक, चूक झाली. ते लग्न आहे.”

“कुणाचं?”

“बोटीतलं. मासळी नाही, वऱ्हाड आहे. बायकांना सांगतो घरी जायला.”

“हळू बोल,” गुनादी म्हणाला. “दुपारपर्यंत दुसरी बोट येईल. आल्यात तर बसू देत. आता सोडल्या आणि मग बोलावल्या, तर निम्म्या पलीकडच्या कारखान्यात गेलेल्या असतील. फाटक लावलंस ना?”

“लावलंय.”

“मग लावलेलंच राहू दे.”

दुपारपर्यंत बोट आली नाही. दुपारनंतरही आली नाही. बायकांनी वाट बघायचे सगळे प्रकार करून झाले. भिशीची सोडत काढली, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्या, सुनांची उणीदुणी काढली, आणि मग काढायला काही उरलं नाही तेव्हा नुसत्या बसल्या. कुणाच्या तरी घरी भात करपल्याचा वास आपल्याला इथवर येतोय, असं एकीने सांगितलं. तो चौघींना आला. मिस्नादी वर टपरीत तोंड लपवून बसला होता. दुपार कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा गुनादी बाहेर आला, टाळी वाजवली आणि म्हणाला, “जा, बायांनो. आज मासळी नाही.”

असं पूर्वीही झालं होतं. निळ्या फाटकाचा नियम जुना आणि सोपा. मासळी टेबलावर पडली की तास सुरू, टेबल धुतलं की तास बंद. भोंग्यापासून मासळीपर्यंतचा वेळ कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. बोट उशिरा आली की बायका समुद्राला शिव्या द्यायच्या, आणि समुद्र काही पगारपत्रक काढत नाही. त्यामुळे त्या दिवशीही बायका उठल्या, कंबर धरली, फाटकाकडे निघाल्या.

बू पोनिरा उठली नाही.

“बू, झोपलात का?” मिस्नादीने जवळ जाऊन विचारलं. “चला. सुटी झाली.”

“जागी आहे. आजचे तास लिहायला सांग.”

“कसले तास?” गुनादी लांबूनच म्हणाला. “तुम्ही तर बसला होतात.”

“बसले नव्हते. बसवून ठेवलं होतं.”

“तुम्हाला कुणी बांधून ठेवलं होतं का?”

“फाटक उघडं होतं का?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दमलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, तो फक्त थांबत नाही. “भोंगा तुमचा. आले मी. लिहा.”

निघालेल्या बायका वळून बघायला लागल्या. वार्सिनीने आपलं अर्धं काळं डोकं हलवलं आणि ती परत येऊन पोनिराच्या शेजारी बसली. “माझ्या डोक्याचा रंग वाया गेला, त्याचे पण लिहा,” ती म्हणाली. मग आणखी दहा-बारा जणी बसल्या. गुनादीचा हात खिशातल्या गोळीकडे गेला.

ही पोनिरा म्हणजे भांडखोर बाई असेल असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नव्हतं. चौदा-पंधराची असताना ती थोरल्या बहिणीचे बूट घालून या शेडमध्ये आली, बहिणीचं बाळंतपण होईपर्यंत तिची बदली म्हणून. बहीण परत आली नाही आणि बदली संपली नाही. पुढे तिचं लग्न झालं. नवरा सामुद्रधुनी ओलांडून बालीला गेला, हॉटेल बांधायच्या कामावर. हॉटेल बांधून झालं, त्यात पाहुणे राहून गेले, त्याला एकदा नवा रंगही दिला, पण नवरा काही आला नाही. दोन मुली तिने तारलीची मुंडकी उडवत वाढवल्या. थोरली जेंबरला दिली. धाकटी हाँगकाँगला कुणाच्या तरी आजीला सांभाळते आणि दर रविवारी आपल्या आईला फोनवरून विचारते की तू स्वतःला सांभाळतेस ना.

कामात ती सगळ्यात चपळ नव्हती. वार्सिनीची सुरी तिच्या दुप्पट वेगाने चालायची. पण पोनिराचं एक होतं, ती कुठेही आणि कशीही झोपू शकायची. बसून, उभ्याने, एकदा तर मासळीची टोपली डोक्यावर असताना. थोरलीच्या लग्नात सगळे विधी चालू असताना ती झोपली आणि फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध तिचं उघडं तोंड आलं. गावात कुणाला झोप येत नसली तर बायका गमतीने म्हणायच्या, पोनिराकडून उसनी आण. पण झोप तिच्याकडे जास्त होती म्हणून ती झोपायची असं नव्हतं. ती पुरी कधीच झालेली नव्हती.

तर अशा बाईने कामगार कचेरीत अर्ज दिला. अर्ज वार्सिनीच्या भाच्याने टंकून दिला आणि खाली पुष्कळ बायकांनी अंगठे उमटवले. सह्या येत होत्या त्यांनीही अंगठेच दिले, कारण हातात तेंपेचं, म्हणजे तळलेल्या सोयाबीनच्या वड्यांचं, तेल होतं आणि पेन घसरत होतं. जिल्ह्याच्या गावाहून बोलावणं आलं. कारखान्याच्या वतीने पाक गुनादी, बायकांच्या वतीने बू पोनिरा, आणि भोंगा वाजवणारा म्हणून मिस्नादी.

दोन दिवस आधी गुनादीने मिस्नादीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. कॉफी दिली, आणि तिच्यात साखर स्वतःच्या हाताने ढवळली, तेव्हाच मिस्नादीला धोका कळायला हवा होता.

“मालकांचा फोन होता सुराबायाहून,” गुनादी म्हणाला. “ते विचारत होते, कपाट बघून भोंगा वाजवणारा माणूस आपण का ठेवलाय.”

मिस्नादीने कॉफीत बघितलं.

“मी म्हटलं, ठेवलाय कारण चांगला माणूस आहे. हे बघ, तुला खोटं काही बोलायचं नाही. एवढंच सांगायचं, की भोंगा म्हणजे बोलावणं नव्हे. ती माहिती असते. बंदरात बोट आली, अशी गावाला माहिती. ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला जायचं त्याने जावं. मशिदीत अजान होते, म्हणून मौलवी कुणाला पगार देतो का?”

“नाही देत.”

“बस. एवढंच. मग तुझी चूक ही चूकच उरत नाही. चुकीची माहिती दिलीस, झालं. टीव्हीवर पावसाची रोज देतात.” गुनादी थोडा पुढे झुकला. “आणि नार्सीचे गुडघे दुखतात ना? लेबल लावायच्या खोलीत एक जागा आहे. कोरडी खोली. खुर्ची आहे. पंखा आहे.”

ती खोली कारखान्यातल्या सगळ्या बायकांना स्वर्गासारखी वाटायची. तिथे पाय भिजत नाहीत.

घरी गेल्यावर मिस्नादीने नार्सीला सगळं सांगितलं. ती कोमट पाण्याच्या टबात पाय घालून बसली होती. “पंखा आहे?” तिने विचारलं. तिने टबात पाय हलवले. मग म्हणाली, “आणि बू पोनिराच्या शेजारी कोण बसणार? जाऊ दे. तूच ठरव. मला विचारू नकोस, मी पंखाच म्हणेन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोनिराच्या घरी गेला. ती ओट्यावर बसून केळी तळत होती. तळता तळता झोपली होती, पण हात चालू होता.

“बू.”

“ये. खा. गरम आहेत.”

“बू, हे सोडून द्या ना. एका दिवसाचं काय एवढं? नाव माझं येतंय. सगळं माझ्या भोंग्यावर येणार. उद्या मला काढतील, नार्सीला काढतील. तुम्हालाही सोडणार नाहीत. तुम्ही तर आजवर कधी भांडला नाहीत.”

“भांडायला ताकद लागते,” ती म्हणाली. “ती माझ्यात नव्हती. आता तर मुळीच नाही. म्हणून एकदाच भांडणार आहे.”

“पण या वेळीच का?”

तिने झाऱ्याने एक केळं उलटलं. “त्या दिवशी मी पाण्याला लावलेला नंबर सोडून आले. टँकर नेमका मी इथे नसताना येऊन गेला. घरी गेले तर थेंब नाही. पाय धुवायला पाणी नाही रे. अंगाला मासळीचा वास नाही, पैसे नाहीत, पाणी नाही, आणि दमले मात्र तेवढीच. मला कळेना, मी कशाने दमले.” तिने केळं काढून पानावर ठेवलं. “तू काय सांगणार आहेस तिथे?”

“काय सांगू?”

“मला काय विचारतोस? भोंगा मी वाजवते का?”

तो केळं खाऊन निघाला. जीभ पोळली होती आणि प्रश्न तसाच होता.

कामगार कचेरीतल्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि एक मध्यस्थ बाई; दाराशी वार्सिनी आणि सोबत आलेल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या. बाई तरुण होत्या, त्यांना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी त्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक सावरून शिंकायच्या आणि माफी मागायच्या. गुनादीने फोन टेबलावर ठेवला आणि एकेक फोटो दाखवायला लागला. बाकावरचे फोटो. भिशीची सोडत. उवा काढणं. एकीने दुसरीच्या पाठीला टेकून ताणून दिलेली.

“बघा, मॅडम,” तो म्हणाला. “याला काम म्हणतात का? हौसेने बसल्यात. माझ्या घरी पाहुणे येतात तेसुद्धा इतके आरामात बसत नाहीत. आणि हे बघा. या स्वतः अर्जदार.”

फोटोत पोनिरा होती. मान मागे, तोंड उघडं, नळाचं पाणी शेजारी टपटपतंय.

“या चक्क झोपल्यात. आता झोपेचे पण पैसे द्यायचे का?”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी शिंकेत लपवलं. “बू पोनिरा, तुम्ही झोपला होतात?”

“होय.”

“मग?”

“घरी झोपले असते तर आडवी झोपले असते.”

गुनादी म्हणाला, “मग जायचं होतं घरी! कुणी अडवलं होतं? मॅडम, भोंगा ही नुसती माहिती आहे. यायचं त्याने यावं. आमचा भोंगेवालाच सांगेल.”

बाई मिस्नादीकडे वळल्या. टेबलाच्या टोकाला तो हात मांडीखाली दाबून बसला होता. त्याने येताना बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. भोंगा ही माहिती असते. भोंगा ही माहिती असते. पाठ झालं होतं चांगलं.

“पाक मिस्नादी, भोंगा वाजवल्यावर तुम्ही काय करता?”

हा प्रश्न त्याने पाठ केलेल्यात नव्हता.

“खाली उतरतो.”

“आणि?”

“फाटकाशी उभा राहतो.”

“कशासाठी?”

“लावायला.”

“लगेच?”

“थोड्या वेळाने. सगळ्या आल्या की. ज्या उशिरा येतात त्या बाहेर राहतात. त्यांना त्या दिवशी काम नाही.”

गुनादीने घसा खाकरला. मिस्नादीला ते ऐकू आलं, पण आता तोंड सुटलं होतं. त्याला आपलं नेहमीचं काम सांगणं सोपं जात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारत होतं की तू दिवसभर नेमकं करतोस काय.

“आणि आत बसलेल्या बाईला घरी जायचं असेल? पोर रडतंय, चुलीवर भात आहे?”

“जाऊ शकते.”

“ऐकलंत?” गुनादी म्हणाला.

“जाऊ शकते,” मिस्नादी म्हणाला, “मग तिचं टेबल मी दुसरीला देतो. परत आली तर आत घेत नाही. पुढच्या भोंग्यालाही तिला मागे बसवतो. तसा हुकूम आहे. म्हणून कुणी जात नाही.” तो थांबला. मग हळूच म्हणाला, “बू पोनिराची धाकटी आजारी होती, लहान असताना. तेव्हा या गेल्या होत्या. मग दोन आठवडे आत घेतलं नव्हतं. फाटकावर मीच होतो.”

मिस्नादीने पोनिराकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. डोळे मिटलेले होते. झोपली होती की ऐकत होती, कळायला मार्ग नव्हता.

“म्हणजे ही माहिती नाही,” बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. “माफ करा. ही माहिती नाही, पाक गुनादी.”

पुढचा सगळा वेळ गुनादी बाहेर व्हरांड्यात सुराबायाला फोन करत होता. तीनदा गेला, तीनदा आला, आणि दर खेपेला थोडा अधिक वाकून आला. संध्याकाळी समझोता झाला. लग्नाच्या दिवसाचे निम्मे पैसे. यापुढे भोंगा वाजला की तास सुरू. मागच्या सगळ्या वर्षांबद्दल कागदावर काही लिहिलं नव्हतं. मागची वर्षं मागेच होती.

बायकांनी बसमध्ये गाणी म्हटली. वार्सिनीने सगळ्यांना शेंगदाणे दिले. मिस्नादीला कुणीतरी जागा दिली, आणि आयुष्यात प्रथमच तो बायकांच्या मधोमध बसला. त्याला आपण जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं. पोनिरा खिडकीला डोकं टेकून गाव येईपर्यंत झोपली.

तो उंचपणा आठवडाभर टिकला.

मग एका सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि भोंगा उतरवून घेऊन गेली. कागदावर लिहिलं होतं, भोंगा वाजला की तास सुरू. कारखान्याने एवढंच केलं, की भोंगाच वाजायचा बंद केला. आता बोट धक्क्याला लागते, टोपल्या आत येतात, मग ऑफिसमधून फोनवर निरोप जातो. सगळ्यांना नाही. जेवढ्या हव्यात तेवढ्यांना. फोन हातात घेऊन बायका आपापल्या ओट्यावर बसतात, आणि आता कुणाला त्याचा फोटोही काढता येत नाही. वार्सिनीला निरोप येतो. पोनिराला कधी येतो, कधी येत नाही. तरुण हात आधी.

लेबलच्या खोलीत दुसरीच कुणी बसली. नार्सीने मिस्नादीला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, फक्त टबातल्या पाण्यात थोडं मीठ वाढवलं. मिस्नादीला बर्फाच्या गोदामात टाकलं. बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढायच्या, फोडायच्या, टोपल्यांवर पसरायच्या. वरून दिसायचं ते बंदर, त्या रंगीत बोटी, तो वारा, सगळं गेलं. बोटं दिवसभर बधिर राहायला लागली. शिवाय काही माणसं त्याला बघितलं की विचारायची, काय रे, आज कुणाचं कपाट आलं?

एका दुपारी काम संपल्यावर तो पोनिराच्या दारावरून जात होता. ती ओट्यावर बसली होती, मांडीवर फोन. दोन दिवस निरोप नव्हता. मिस्नादी समोर उभा राहिला. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बर्फाने बधिर झालेली बोटं काखेत दाबता दाबता बांध फुटला.

“बू, तुम्हाला निम्मे का होईना, पैसे मिळाले. मला काय मिळालं? माझा भोंगा गेला. नार्सीची खुर्ची गेली. दिवसभर बर्फ ओढतो. मी तिथे खोटं बोललो असतो तर आज वर बसलो असतो, वाऱ्याला. तुमच्यासाठी खरं बोललो. सगळ्यांदेखत बोललो. आणि इतके दिवस झाले, तुम्ही मला साधं काही बोललासुद्धा नाहीत.”

पोनिराने डोळे उघडले. त्याच्याकडे नीट बघितलं, लाल झालेल्या बोटांकडे बघितलं, आणि शेजारी बसायला जागा करून देत म्हणाली,

“खरं बोलल्याचेही पैसे लागतात होय रे तुला?”